वाळीत आणि बहिष्कृत : एका शब्दाने झाकलेला इतिहास

गावातल्या बौद्ध किंवा मातंग कुटुंबाला दुकानदार किराणा देईनासा होतो, गिरणीवर दळण घेतले जात नाही, शेतावर मजुरीला बोलावणे थांबते. मग बातमी येते : 'कुटुंबाला वाळीत टाकले'. दुसरीकडे एखादी गावकी आपल्याच भावकीतल्या माणसाला देवळाच्या पालखीत खांदा देऊ देत नाही, त्याच्या घरच्या लग्नाला कुणी जात नाही. बातमीचा मथळा तोच : 'कुटुंबाला वाळीत टाकले'. पोलीस ठाण्यातल्या अर्जातही हाच शब्द असतो आणि आपले कार्यकर्तेही तोच लिहून देतात.

आमचे म्हणणे असे आहे की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा इतिहास वेगळा आहे, त्यामागची सत्ता वेगळी आहे आणि आज त्यांच्यासाठीचे कायदेही वेगळे आहेत. दोन्हींना एकच शब्द लावला की त्यातली मोठी गोष्ट लहान होते. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत' हा शब्द का उचलला, हे समजून घ्यायचे असेल तर आधी 'वाळीत' म्हणजे काय ते पाहावे लागेल.

'वाळणे' या जुन्या मराठी क्रियापदाचा एक अर्थ टाकून देणे, वर्ज्य करणे असा आहे. उन्हात वाळणाऱ्या धान्याशी त्याचा संबंध लावायचे कारण नाही. जातीने ज्याला टाकले तो वाळीत. रोटीव्यवहार बंद, बेटीव्यवहार बंद, पंगतीला पान नाही, न्हावी-परीट बंद, भटजी बंद, मयताला खांदेकरी नाहीत. या प्रकाराला 'ग्रामण्य' असाही शब्द होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ साली या ग्रामण्यांचा इतिहासच लिहिला. पण या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ज्याला वाळीत टाकायचे तो आधी आत असावा लागतो. पंगतीतून उठवायला माणूस आधी पंगतीत बसलेला हवा.

'घटस्फोट' हा शब्द आज आपण नवरा-बायकोच्या काडीमोडीसाठी वापरतो. त्याचा मूळ अर्थ घडा फोडणे. धर्मशास्त्रात पतित ठरलेल्या माणसाला जातीबाहेर काढण्याच्या विधीचे हे नाव होते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात या विधीचे वर्णन आहे. माणूस जिवंत असताना नातलगांनी गावाबाहेर जाऊन, तो मेला असे समजून त्याच्या नावाने पाणी द्यायचे. दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडायचा. त्यानंतर त्याच्याशी बोलणे बंद, त्याच्याबरोबर बसणे बंद, वारसाहक्काचा वाटा बंद. जिवंत माणसाचे मरण जाहीर करण्याचा हा विधी.

पण त्याच अध्यायात पुढे परतीची वाटही सांगितली आहे. त्या माणसाने प्रायश्चित्त घेतले की नातलगांनी त्याच्यासोबत स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घडा पाण्यात सोडावा. म्हणजे जुना घडा लवंडला तरी नवा घडा तयार असतो. आतल्या माणसासाठी दार लावले जाते, पण त्याला कडी आतून असते आणि ती काढता येते.

याचे महाराष्ट्रातले गाजलेले उदाहरण म्हणजे १८९० सालचे पुण्यातले पंचहौद मिशनचे चहा प्रकरण. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर पुणेकर मंडळींसमोर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे ठेवली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून टाकली आणि सनातन्यांनी ग्रामण्य उभे केले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. घरच्या कार्याला ब्राह्मण मिळणे मुश्कील झाले. शेवट काय झाला? प्रायश्चित्त. रानड्यांनीही ते घेतले. त्या मंडळींना झालेला त्रास आम्ही नाकारत नाही. पण त्यांची घरे, नोकऱ्या, सार्वजनिक मान यांतले काही गेले नाही. त्यांच्यासाठी नवा घडा होता.

आता गावकुसाबाहेर येऊ. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या, चांभारवाड्यातल्या माणसाने असा कोणता चहा प्यायला होता? त्याने कोणते प्रायश्चित्त घेतले असते म्हणजे त्याला वेशीच्या आत घर मिळाले असते? उत्तर आहे : कोणतेही नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्ती गावाबाहेर असावी, त्यांची भांडी इतरांनी वापरू नयेत, त्यांची संपत्ती म्हणजे कुत्री आणि गाढवे, असा नियम घातला आहे. त्या नियमाजवळ प्रायश्चित्त सांगितलेले नाही, मुदत सांगितलेली नाही. तो जन्मभराचा आणि पिढ्यान् पिढ्यांचा आहे.

शिवाय आणखी एक फरक आहे. वाळीत टाकलेल्या माणसाशी सगळा व्यवहार तोडला जातो. आपल्या पूर्वजांशी मात्र व्यवहार कधीच तोडला नव्हता. मेलेले ढोर ओढायला तोच हवा, सांगावा घेऊन दहा कोस पळायला तोच हवा, वेस राखायला, सरकारी खजिन्यासोबत चालायला, सरणाची लाकडे फोडायला तोच हवा. त्याचे श्रम आत आणि माणूस बाहेर, ही ती रचना. समाजशास्त्राची पुस्तके 'सामाजिक वगळणूक' असा गुळगुळीत शब्द वापरतात. त्या शब्दात हे श्रम दिसत नाहीत. वगळलेला माणूस यादीत नसतो. आपण तर गावच्या प्रत्येक यादीत होतो, फक्त कामांच्या.

आता 'अस्पृश्य' हा शब्द पाहा. संस्कृत व्याकरणात तो 'शिवण्यास योग्य नसलेला' असा आहे. म्हणजे त्यात दोष त्या माणसाच्या अंगाला चिकटवलेला आहे. कुणी ठरवले, केव्हा ठरवले, का ठरवले, हे त्या शब्दात कुठेच येत नाही. जणू दगड जड असतो तसा हा माणूस अस्पृश्य असतो! हुकूम आहे, पण तो गुणधर्माच्या वेषात आला आहे.

'बहिष्कृत' हा शब्द वेगळ्या घडणीचा आहे. 'बहिस्' म्हणजे बाहेर आणि 'कृत' म्हणजे केलेला. बाहेर केलेला. 'केलेला' म्हटले की लगेच प्रश्न येतो : कुणी केला? हा शब्द उच्चारताच कर्ता शोधावा लागतो. आरोपीच्या पिंजऱ्यात मग वेगळाच माणूस उभा राहतो.

गंमत अशी की ज्या धातूपासून हा शब्द बनला त्याच धातूपासून बनलेला 'बहिष्कार्य' हा शब्द खुद्द मनुस्मृतीत आहे. दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात तो येतो. तर्काचा आधार घेऊन श्रुती-स्मृतींचा अवमान करणारा द्विज हा नास्तिक, वेदनिंदक समजून सज्जनांनी बाहेर काढावा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे बहिष्काराची धमकी मुळात प्रश्न विचारणाऱ्याला होती. बुद्धाचा वारसा सांगणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे. 'बाहेर काढावा' असा हुकूम ज्यांनी लिहिला, त्यांनाच उद्देशून 'हे पाहा, तुम्ही बाहेर काढलेले' असे सांगणारा शब्द आपल्या माणसांनी आपल्या नावापुढे लावला.

हा शब्द एका दिवसात आला नाही. मार्च १९२० मध्ये माणगावला, छत्रपती शाहू महाराजांच्या उपस्थितीत आणि बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झालेली परिषद 'बहिष्कृत वर्गाची' म्हणूनच ओळखली गेली. त्याच वर्षी मेअखेर नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. जुलै १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. सरकारी इंग्रजीत तेव्हा 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणजे दबलेले वर्ग असा शब्द चालत होता. बाबासाहेब सरकारशी बोलताना तो वापरत, पण मराठी माणसाशी मराठीत बोलताना त्यांनी वर्तमानपत्राच्या शिरोभागी 'बहिष्कृत' छापले. 'दबलेले' म्हटले की दया येते. 'बाहेर केलेले' म्हटले की हिशेब द्यावा लागतो.

'बाहेर' असण्यालाही इतिहास आहे, हे बाबासाहेबांनी पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडले. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा प्रश्न त्यांनी सरळ विचारला. युद्धात मोडलेल्या टोळ्यांमधले विखुरलेले लोक गावाच्या कडेला राहू लागले, ते बौद्ध होते, आणि अस्पृश्यता त्यांच्यावर नंतर, ब्राह्मणी धर्म आणि बौद्ध धम्म यांच्या संघर्षात लादली गेली, अशी त्यांची मांडणी आहे. या मांडणीवर विद्वानांनी वाद घालावेत. पण तिचा गाभा साधा आहे. जे इतिहासात घडले ते इतिहासात मोडता येते.

इथे 'बहिष्कार' या शब्दाचा दुसरा प्रवासही पाहायला हवा, कारण आपल्या तरुणांचा गोंधळ तिथेच होतो.

१८८० साली आयर्लंडमध्ये, मेयो परगण्यात, लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. खंड कमी करा म्हणणाऱ्या कुळांना तो जमिनीवरून हुसकावू लागला. लँड लीगच्या चळवळीत कुळांनी ठरवले की याच्याशी कोणताच व्यवहार करायचा नाही. मजूर कामाला जाईनात, दुकानदार माल देईनात. त्याचे पीक काढायला बाहेरून ५० माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास शिपाई लागले. त्याच्या आडनावावरून 'बॉयकॉट' हा शब्द जगभर गेला. पुढे ७ ऑगस्ट १९०५ रोजी वंगभंगाच्या विरोधात कलकत्त्याला विलायती मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंक्तीला 'बहिष्कार' येऊन बसला. स्वतः ग्रामण्याचा अनुभव घेतलेल्या नेत्याच्या हातात आता तोच शब्द देशभक्तीचे हत्यार म्हणून आला.

आयरिश कुळांचा बॉयकॉट खालून वर होता. ज्यांच्याकडे श्रमाशिवाय काही नव्हते त्यांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याला श्रम नाकारले. महाडनंतर कुलाबा जिल्ह्यात आणि पुढे महाराष्ट्रभर जो बहिष्कार झाला तो वरून खाली होता. ज्यांच्याकडे जमीन, दुकान, पाणी, वाट सगळे होते त्यांनी भूमिहीनांचे जगणे बंद केले. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या महाड परिषदेला कुणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. तिथेच २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले.

या बहिष्काराची सरकारी नोंद आहे. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने लिहिले की या वर्गांना बहुतेक ठिकाणी आर्थिक स्वातंत्र्य नाही. काही जण सवर्णांची जमीन कुळ म्हणून कसतात, काही मजुरी करतात, उरलेले गावकीच्या कामाबद्दल मिळणाऱ्या भाकरी-धान्यावर जगतात. हक्क बजावला की जमीन काढून घेतली जाते, मजुरी थांबते, बलुते बंद होते, येण्याजाण्याची वाट अडवली जाते, गावचा वाणी जिन्नस विकत नाही. कारण बहुधा सार्वजनिक विहिरीचे असते. पण चांगले कपडे घातले, दागिने घातले, जमिनीचा तुकडा विकत घेतला, नवरदेव घोड्यावर बसवून रस्त्याने नेला, एवढीही कारणे पुरतात. ही यादी वाचून कालची बातमी आठवते की नाही?

पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात ही नोंद जशीच्या तशी दिली आहे. त्यावरचा त्यांचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. उघड हिंसेपेक्षा हे हत्यार घातक आहे, कारण ते कायदेशीर दिसते. 'कुणाला काम द्यायचे, कुणाला माल विकायचा, ही माझी मर्जी' असे म्हणणाऱ्याला कोणता पोलीस पकडणार? म्हणून बहिष्कार हाच गुन्हा ठरवा, अशी त्यांची मागणी होती. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून व्याख्या घेतली. घर किंवा जमीन देण्यास, कामावर घेण्यास, धंदा करण्यास, सेवा देण्या-घेण्यास नकार देणे, किंवा एरवी पाळले जाणारे सामाजिक संबंध तोडणे म्हणजे बहिष्कार. बहिष्कार टाकणे, त्याला चिथावणी देणे आणि त्याची धमकी देणे, असे तीन वेगळे गुन्हे. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ही मागणी त्यांनी पुन्हा मांडली.

ही व्याख्या वाया गेली नाही. आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९५५ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये तिचा ठसा दिसतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, 'सामाजिक बहिष्कार' आणि 'आर्थिक बहिष्कार' यांच्या स्वतंत्र व्याख्या आल्या. कलम ३(१)(झेडसी) प्रमाणे असा बहिष्कार टाकणे किंवा त्याची धमकी देणे यासाठी सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे.

वाळीत टाकण्याच्या कायद्याची वाट वेगळी आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातबहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला, तो १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. त्यानंतर पाच दशके जातपंचायतींना मोकळे रान होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने आणि अनेक पीडित कुटुंबांनी लढा दिल्यावर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. हा कायदा चांगला आहे, त्याचे स्वागतच. पण तो नीट वाचा. त्यातला बहिष्कार हा एका समाजाच्या सदस्याने त्याच समाजाच्या दुसऱ्या सदस्यावर टाकलेला आहे. म्हणजे तो 'वाळीत' या शब्दाचा कायदा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा जामीनपात्र.

आता सुरुवातीच्या त्या अर्जाकडे या. सवर्ण गावाने बौद्ध कुटुंबाचा किराणा, दळण, मजुरी बंद केली आणि अर्जात आपण लिहिले : 'गावाने आम्हांला वाळीत टाकले'. ठाणे अंमलदाराला हा शब्द सोयीचा वाटतो. 'गावकीचे भांडण आहे, बसून मिटवा' असे म्हणायला तो मोकळा होतो. तंटा मिटवणारी मंडळी पुढे होतात, चहा होतो, कुटुंबाला माफी मागायला लावली जाते. म्हणजे ज्यांचा दोष काहीच नाही त्यांच्याकडूनच प्रायश्चित्त घेतले जाते! आम्ही काम करतो त्या भागात हे पुन्हा पुन्हा पाहतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात मात्र उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने तपास करायचा असतो, अटकपूर्व जामिनाला अटकाव आहे, विशेष न्यायालय आहे, पीडितांना नियमाने आर्थिक साहाय्य आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा असल्याने हे संरक्षण त्यांनाही आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. अर्ज लिहिताना 'वाळीत टाकले' एवढ्यावर थांबू नका. 'अनुसूचित जातीचे असल्यामुळे आमच्यावर सामाजिक व आर्थिक बहिष्कार टाकला' असे लिहा. दोन्ही बाजूंच्या जाती लिहा. कोणत्या तारखेला कोणत्या दुकानदाराने कोणता जिन्नस नाकारला, कुणी मजुरी थांबवली, दवंडी कुणी दिली, बैठक कुठे झाली, फोनवरच्या ग्रुपवर काय संदेश फिरला, हे एकेक करून लिहा. ज्या हक्काच्या वापरामुळे हे सुरू झाले तो हक्क लिहा : पाण्याचा, वाटेचा, जयंतीच्या मिरवणुकीचा, मताचा, जमिनीचा. कर्ता दिसला पाहिजे. 'बहिष्कृत' या शब्दाने शंभर वर्षांपूर्वी आपल्याला तेच शिकवले.

याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. जातपंचायत ही काही सवर्णांचीच मक्तेदारी नव्हती. आपल्या वस्त्यांमध्येही पंच होते, दंड होते, आंतरजातीय लग्न करणाऱ्यांना तोडणे होते. पोटजातींचा अहंकार आजही कुठे कुठे डोके वर काढतो. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी म्हटले आहे की जात हा सुधारकाचे जीवन नरक करण्यासाठी रचलेला कट ठरू शकतो, आणि कट हा जर गुन्हा असेल तर जातीबाहेर टाकणे हाही गुन्हा ठरला पाहिजे. हे वाक्य फक्त इतरांना ऐकवण्यासाठी नाही. मातंग मुलीशी लग्न करणाऱ्या बौद्ध मुलाला घराबाहेर काढणारा बाप विहारात पंचशील म्हणत असेल, तर घडा लवंडणारा पाय त्याचाच आहे.

मग आपण बहिष्काराचे हत्यार कधीच वापरायचे नाही का? वापरायचे. मेलेली गुरे ओढणार नाही, हा आपल्या आज्या-पणज्यांनी टाकलेला बहिष्कारच होता. त्यांनी आपल्यावर लादलेले काम नाकारले, कुणाचे पाणी तोडले नाही. कसोटी इथेच आहे. अन्यायाला सहकार्य नाकारणे वेगळे आणि माणसाचे जगणे तोडणे वेगळे.

शेवटी एक गोष्ट. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत' या शब्दात कायमचे घर केले नाही. 'मूकनायक'नंतर 'बहिष्कृत भारत' आले, मग 'समता', मग १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. नावांचा हा क्रम म्हणजे चळवळीचा प्रवास आहे. बोलता न येणाऱ्यांपासून बाहेर केलेल्यांपर्यंत, तिथून सगळ्या जनतेपर्यंत आणि शेवटी जागृत माणसांपर्यंत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी काय केले? कुणाकडे आत घेण्याची विनंती केली नाही, प्रायश्चित्त घेतले नाही, नव्या घड्याची वाट पाहिली नाही. ज्या घराने बाहेर केले होते, त्या घराचा दावाच त्यांनी सोडून दिला आणि स्वतःचे घर बांधले.

ज्या दिवशी गावात कुणाचे दळण जातीवरून अडणार नाही, त्या दिवशी 'बहिष्कृत' हा शब्द शब्दकोशात ठेवून देऊ. तोपर्यंत तो अर्जात, फलकावर आणि भाषणात अचूक वापरू या.

जयभीम!